बाबा नाकारत नाहीत, गप्प आहेत

प्रश्न : मी मूळची देवगडची. सहा वर्षं पुण्यात नोकरी करते. वडील त्रेसष्ट वर्षांचे, हापूसची दीडशेच्या आसपास कलमं आहेत. अलीकडे मोहोर पुढेमागे होतो, थंडी धड पडत नाही, अवकाळी पाऊस येतो, फवारणीचा खर्चसुद्धा निघत नाही. मी हवामान बदलाचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "निसर्ग लहरीच असतो, माझ्या आजोबांच्या वेळीही असंच व्हायचं," आणि उठून अंगणात जातात. आंब्याचं जरा खालीवर झालं तरी गेल्या पावसात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काजूची साठ रोपं लावलीत, आपलं भागेल, असं म्हणून विषय संपवतात. इकडे मला रात्री झोप येत नाही. मोबाईलवर वादळं, समुद्राची वाढती पातळी, हेच वाचत बसते. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल होऊ द्यावं का हाही प्रश्न पडतो. बाबा वास्तव नाकारताहेत का? माझं काही बिघडलंय का? आणि त्यांच्याशी बोलायचं कसं?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं काजूचं वाक्य मी तीनदा वाचलं. बाबांच्या नाकारण्याचा पुरावा म्हणून तुम्ही ते लिहिलंत, मला ते उलटं दिसलं. आंब्याचं सगळं ठीक चाललंय असं ज्याला खरोखर वाटतं, तो त्रेसष्टाव्या वर्षी कातळात खड्डे मारून साठ काजू कशाला लावेल? बाबांचं तोंड एक सांगतंय आणि हात दुसरं करताहेत. अशा वेळी मी हातांवर विश्वास ठेवते.

रत्नागिरीत बावीस वर्षं मी समुपदेशनाचं काम करते. "हवामान बदलामुळे आलोय" असं सांगत माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. लोक येतात ते झोप नाही म्हणून, पित्त उसळतं म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, नवरा दोन महिने धड बोललेला नाही म्हणून. चौथ्या-पाचव्या भेटीत बागेचा, होडीचा नाहीतर पुराचा विषय निघतो, तोही मीच विचारलं तर. (पुढे जी माणसं येतील त्यांचे तपशील मी बदलले आहेत, कुठे दोघांचं एकत्र केलं आहे.) या सगळ्या काळात "काहीसुद्धा बदललेलं नाही" असं मनापासून मानणारा बागायतदार किंवा मच्छीमार मला भेटला नाही. तसं तोंडाने म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले. त्यातले एक काका प्रत्येक भेटीत "हे चालायचंच" म्हणायचे. एकदा औषधाची चिठ्ठी शोधताना त्यांच्या खिशातून एक मळकी वही बाहेर पडली. कुठल्या कलमाला कोणत्या तारखेला मोहोर आला, पालवी कधी फुटली, कोणत्या वर्षी किती फवारण्या झाल्या, वीसेक वर्षांचं सगळं त्यात लिहिलेलं. मी पानं चाळायला लागले तशी त्यांनी वही काढून घेतली. म्हणाले, "ह्यां सगळा मागसून बघूचा नसता."

मागचं बघायचं नाही असं स्वतःला बजावणारा माणूस वही मात्र न चुकता लिहीत होता. हे नाकारणं नव्हे. याला काय म्हणायचं ते पुढे सांगते, आधी एक साधा अडसर बाजूला करू.

"हवामान बदल" हा शब्दच आपल्या माणसांचा नाही. तो बातम्यांतून आला, शिबिरांतून आला, प्रोजेक्टर घेऊन आलेल्या साहेबांबरोबर आला. येल विद्यापीठ आणि सीव्होटर ही जनमत चाचणी संस्था यांनी २०२१-२२ मध्ये भारतभर सर्वेक्षण केलं. त्यात ५४ टक्के लोकांनी सांगितलं, की आम्हाला ग्लोबल वॉर्मिंगबद्दल अगदी थोडं माहीत आहे किंवा आम्ही त्याचं नावही ऐकलेलं नाही. मग ते म्हणजे काय हे दोन वाक्यांत समजावून सांगितलं आणि पुन्हा विचारलं, तर ८४ टक्के म्हणाले, हो, हे घडतंय. शब्द परका होता, अनुभव घरचाच होता. तुम्ही बाबांसमोर शब्द टाकता आणि शब्द ऐकून ते उठतात. मोहोराबद्दल, दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याबद्दल, दसऱ्यानंतरही न थांबणाऱ्या पावसाबद्दल बोललात तर इतक्या लवकर उठणार नाहीत.

शब्द बदलल्याने सगळं सुटतं असंही नाही. स्टॅन्ले कोहेन या समाजशास्त्रज्ञाने नाकारण्याचे तीन प्रकार सांगितले. पहिला, असं काही घडतच नाही म्हणणं. दुसरा, घडतंय पण त्याचा अर्थ वेगळा आहे म्हणणं. तिसरा सगळ्यांत गुंतागुंतीचा : घडतंय हे माहीत आहे, अर्थही माहीत आहे, पण त्यातून आपल्यावर जे येऊन पडतं तिकडे पाहायचं नाही. कारी नॉरगार्ड या संशोधक महिलेने हा तिसरा प्रकार नॉर्वेतल्या एका छोट्या गावात राहून अभ्यासला. २०००-०१ च्या हिवाळ्यात तिथे बर्फ फार उशिरा पडला, तळं नेहमीसारखं गोठेना. लोकांना कारण माहीत होतं, तरी चहाच्या टेबलावर, सभेत कुणी विषय काढत नव्हतं. बोललं की भीती येते, हतबलता येते आणि अपराधीपणाही येतो, कारण नॉर्वेची सुबत्ताच मुळी तेलावर उभी आहे.

हा अभ्यास मला फार उपयोगी पडला, पण कोकणात तो जसाच्या तसा बसत नाही. देवगडच्या बागायतदाराने जगाचं तापमान वाढवलेलं नाही. त्याचा अपराधीपणा निराळा आहे. आजोबांनी लावलेली, वडिलांनी राखलेली कलमं आपल्या कारकिर्दीत उतरणीला लागली, हे त्याला खातं. वारा, थंडी, पाऊस यांतलं काही त्याच्या हातात नसतं, पण घाट्याचा हिशोब त्याच्या नावावर चढतो. गावात कुणाची बाग फसली की बोलणंही तसंच होतं : त्याने वेळेवर फवारलं नाही, त्याने मोहोरासाठीचं कल्टार जास्त ओतलं, त्याचं बागेत लक्षच नाही. "हवामान बदललं" असं म्हणावं तर तो आपल्या कमीपणावर घातलेला पडदा वाटतो. वरून पीकविम्याची गंमत आहे. नुकसान ठरतं महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. बागेत गारठा पडला आणि केंद्रावर नोंदला गेला नाही, तर कागदोपत्री तो पडलेलाच नसतो. आपल्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट खरी नाही असं कागदाने सांगितलं की माणूस चिडतो, आणि काही वर्षांनी बोलणंच सोडून देतो.

हे मी पुस्तकांतून शिकले नाही, आपटून शिकले. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मच्छीमार सोसायटीत मला बोलावलं होतं. मी उत्साहाने समुद्राच्या तापमानाचे आलेख घेऊन गेले. अरबी समुद्र तापतोय, मासळी जागा बदलते, वादळं वाढतील, सगळं मुद्देसूद मांडलं. पंधराव्या मिनिटाला मागची रांग उठली, विसाव्याला मधली. शेवटी पुढच्या खुर्च्यांवर चेअरमन आणि दोन म्हातारे उरले. त्यातला एक मला म्हणाला, "बाय, तू आमका आमच्याच घराक आग लागलेली सांगतंस. आमी आतच आसव." चूक आलेखांत नव्हती. मी सांगायला गेले होते, विचारायला गेले नव्हते, आणि आगीची बातमी देताना बादली कुठे आहे ते सांगितलं नव्हतं. भीती घातली आणि करता येण्याजोगं काही हाती दिलं नाही, तर माणूस धोका आवरायचं सोडून स्वतःची भीती आवरायला लागतो, हे किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये मांडलं होतं. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती. तरी त्या दिवशी प्रोजेक्टर घेऊन गेलेच.

आता बाबांच्या त्या उठून जाण्यामागे काय असावं, याबद्दल. इथे मला माझ्या घरचं सांगावं लागेल.

माझं माहेर दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. नारळ-पोफळीची वाडी, तीन पिढ्यांची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. तीन-चार तासांत वाडी आडवी झाली. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, माड मुळासकट उपटले, घराची कौलं गेली. लॉकडाऊन होता, मला पोचायलाच आठवडा लागला. वडील पडवीत बसले होते, अंगणापलीकडे नुसतं ऊन. आमच्या अंगणात मी जन्मात कधी दुपारचं ऊन पाहिलं नव्हतं. पुढे कितीतरी महिने ते वाडीच्या बाजूच्या दाराने बाहेर पडायचे नाहीत, पुढच्या दाराने वळसा घालून जायचे. आम्ही पंचनामा, नुकसानभरपाई, नवी रोपं, लाकडाचं काय, सगळ्यावर बोललो. वाडी गेल्याबद्दल बोललो नाही. घरात माणूस गेलं तर दहावं, तेरावं असतं, लोक भेटायला येतात, रडायला मुभा असते. तीनशे पोफळी गेल्या तर कसलं सुतक?

ऑस्ट्रेलियाचे तत्त्वज्ञ ग्लेन आल्ब्रेख्त यांनी या दुःखाला सोलास्टाल्जिया असं नाव दिलं. हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी गावांचा चेहरामोहरा बदलला, तिथल्या माणसांशी बोलताना त्यांना हे सापडलं. परदेशात असलेल्या माणसाला घराची ओढ लागते. इथे माणूस घरातच असतो आणि घर त्याच्या पायाखालून परकं होत जातं. तुमच्या बाबांच्या बाबतीत तर हे आणखी अवघड आहे, कारण कलमं उभी आहेत. वाडी पडली तेव्हा निदान ती पडलेली सगळ्यांना दिसली. उभ्या बागेचं दुःख कसं करायचं? एखाद्या वर्षी चांगला मोहोर येतो आणि वाटतं, आपण उगाच घाबरलो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आशा पूर्ण सुटत नाही, म्हणून रडूही फुटत नाही. घरातला माणूस हरवलाय की गेलाय हे कळत नसलेल्या कुटुंबांची जी अवस्था असते, तिच्या जवळ जाणारी ही अवस्था आहे.

तुम्ही विषय काढता तेव्हा बाबांच्या कानावर काय पडत असेल, याचा विचार करा. तुम्ही म्हणता, हवामान बदलतंय. त्यांना ऐकू येतं, "बाबा, तुम्ही आयुष्यभर जे केलंत त्याला पुढे काही भवितव्य नाही, आणि मी काही परत येणार नाही." दुसरं वाक्य तुमच्या मनातही नसेल. पण पुण्यातल्या मुलीने ते देवगडच्या ओटीवर न बोलताही ऐकू जातं. चाकरमान्यांच्या घरातलं हे जुनं दुखणं आहे, हवामान नुसतं निमित्त झालंय.

"आजोबांच्या वेळीही असंच व्हायचं" या वाक्याबद्दल थोडं. ते पूर्ण खोटं नाही. हापूस एक वर्षाआड फळणारं, नखरेल झाड, आणि अवकाळी पाऊस आजोबांनीही पाहिलेला असणारच. पण त्यात स्मृतीचा एक खेळ असतो. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहिलं, की माशांचा अभ्यास करणारी प्रत्येक पिढी स्वतःच्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळचा समुद्र धरते, आणि घट तिथून पुढे मोजते. त्याआधी काय गेलं ते हिशोबातच येत नाही. बंदरावर हे रोज ऐकू येतं. आज्याला सुरमई म्हणजे एक माप, नातवाला वेगळंच, आणि नातू आपल्या मापाला मोठी म्हणतो. हवामानात तर ही पट्टी फारच लवकर सरकते. अमेरिकेतल्या कोट्यवधी ट्विटर नोंदींवरून २०१९ मध्ये असं दिसलं, की तापमानात "नेहमीचं" काय हे लोक साधारण मागच्या दोन ते आठ वर्षांवरून ठरवतात. आठ वर्षं म्हणजे काय, कलमाच्या आयुष्यात काहीच नाही.

याची उलट बाजूही आहे, आणि ती जिवावर बेतते. चिपळुणात २००५ च्या पुराची खूण घराघरांत होती. पाणी इथवर आलं होतं, हे बोट ठेवून दाखवता यायचं. २२ जुलै २०२१ च्या पहाटे कित्येकांनी सामान त्या खुणेच्या वर उचलून ठेवलं आणि निर्धास्त झाले. पाणी खुणेच्या वर गेलं. एक दुकानदार मला वर्षभर एकच वाक्य सांगत होते, "मी बेसावध नव्हतो हो मॅडम, मी माप घेऊन बसलो होतो." त्यांना माल गेल्यापेक्षा माप चुकल्याचा धक्का जास्त होता. बाबांचं "असंच व्हायचं" हेही एक माप आहे. ते खोडून काढायला जाऊ नका, त्यांच्या हातून ते सुटेल एवढी जागा द्या.

आता तुमच्याबद्दल.

काही बिघडलेलं नाही. खरा धोका दिसल्यावर काळजी वाटणं हा आजार नव्हे, आणि तुम्ही एकट्याही नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या सोळा ते पंचवीस वयाच्या दहा हजार तरुणांना विचारलं गेलं. ५९ टक्क्यांनी आपण फार किंवा अतिशय चिंतेत आहोत असं सांगितलं. या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं सांगणारे ४५ टक्के होते. ही दुसरी संख्या मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण आमच्याकडे सीमारेषा तिथे असते. किती काळजी वाटते हे मोजण्यापेक्षा त्या काळजीने तुमची झोप, जेवण, काम, माणसं किती हिरावली ते मी पाहते.

तुमची झोप जातेय, म्हणून तिथून सुरुवात करा. रात्री अकरानंतर मोबाईलवर वादळांचं वाचणं ही माहिती घेणं नाही. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवतो ना, तसं आहे ते. त्या वेळी तुम्ही करू शकाल असं काहीच नसतं, त्यामुळे वाचलेलं सगळं नुसतं अंगात साठतं. बातम्या दिवसाढवळ्या वाचा, ठरवून, अर्धा तास. आठवड्यातून तीनदा पुरे. ज्या दिवशी खरोखर वादळाचा इशारा असेल त्या दिवशी हा नियम मोडा, त्या दिवशी माहितीचा उपयोग असतो.

पावसाच्या आवाजाने जागे राहणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे, तुमच्या ओळखीत कुणी असेल म्हणून लिहिते. २०२१ नंतरच्या दोन पावसाळ्यांत चिपळूण, खेड, महाडकडून अशी बरीच माणसं आली. कौलांवर पाऊस वाजायला लागला की उठून बसायचं, तासातासाने बाहेर जाऊन पाणी किती चढलं बघायचं, मुलांच्या वह्या माळ्यावर टाकायच्या. ज्यांनी त्याच २२ जुलैला महाडजवळच्या तळिये गावात दरड कोसळलेली जवळून पाहिली, त्यांना तर डोंगराकडे पाठ करून बसता येत नव्हतं. ही नुसती काळजी नव्हे, आघाताची जखम आहे. तिच्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. "सगळ्यांचंच तसं झालंय, त्यात काय" म्हणून ती अंगावर काढू नये.

त्याच चिपळुणातलं एक निरीक्षण सांगते. ते माझं आहे, कुठल्या अभ्यासातलं नाही, तेवढ्याच वजनाने घ्या. पुरानंतर डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं. त्या मांडवात जाऊन बसणाऱ्यांपैकी काही जण माझ्याकडे आधीपासून येत होते. त्यांची भीती गेली नाही, पण तिचं रूप बदललं. रात्री एकट्याने पाणी बघायला जाणारा माणूस दिवसा चारचौघांत गाळाचे घनमीटर बोलायला लागला. गाळ हेच पुराचं कारण होतं का, किती अंशी होतं, यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि ते असू देत. मला दिसलं ते एवढंच, की काळजीला करण्याजोगं काम आणि चार माणसं मिळाली की ती अंगावर कमी येते. पाण्याची बाटली बदलली, प्लॅस्टिकची पिशवी सोडली, असल्या एकट्याने करायच्या गोष्टींनी तो परिणाम फारसा साधत नाही. तुम्ही पुण्यात एकट्या, रात्री, मोबाईलवर काळजी करता आहात. तिन्ही गोष्टी नेमक्या उलट आहेत.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कुणी दिलं तर घेऊही नका. एवढंच सांगते, की न झोपलेल्या मेंदूने हा निर्णय करायचा नसतो. दोन-तीन महिने झोप नीट होऊ दे. नवऱ्याशीही हे बोलून झालंय का? पत्रात त्यांचा उल्लेख फक्त "लग्नाला दोन वर्षं झाली" एवढाच आहे, म्हणून विचारते.

उरला बोलण्याचा प्रश्न.

आपल्याकडे दुःख चारचौघांत मांडायची रीत नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. गाऱ्हाणं आहे की! देवळात गावकर उभा राहतो आणि गावाची सगळी अडचण मोठ्याने बोलतो, रोगराई, पीकपाणी, गुराढोरांचं, मुंबैला गेलेल्यांचं, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा". माझ्या कामाच्या नजरेने बघा. एक जण भीतीला शब्द देतो, बाकीचे त्याला खोडत नाहीत, सल्ला देत नाहीत, "एवढं काय त्यात" म्हणत नाहीत. फक्त होय म्हणतात. गटाने बसून उपचार करताना आम्ही हेच घडवून आणायला आठवडेच्या आठवडे झटतो. "देवाक काळजी" हे वाक्यसुद्धा मी हरलेल्या माणसाचं धरत नाही. पुष्कळदा तो ओझं दोन घटका खाली ठेवतो, मग उचलून पुन्हा चालायला लागतो. देवाक काळजी म्हणणाऱ्यानेच काजू लावलेत, हे विसरू नका.

तर बाबांच्या बाबतीत तुम्ही काही दिवस "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत उभ्या राहा. गाऱ्हाणं त्यांना घालू दे. सुरुवात काजूपासून करा. "बाबा, काजू कुठल्या जातीचा लावलात? वेंगुर्ल्याचा का?" एवढाच प्रश्न. त्यांनी जात सांगितली की "मग आंब्याकडून आता किती भरवसा वाटतो तुम्हाला?" असं विचारा आणि गप्प बसा. ही शांतता लांबेल, तुम्हाला ती भरून काढावीशी वाटेल. भरू नका. आमच्या धंद्यातलं निम्मं कौशल्य या न बोलण्यात आहे, आणि ते मला यायला दहा वर्षं लागली. ते "आपलं चाललंय" म्हणाले तर म्हणू देत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बागेत जा, पंप धरा, औषध कालवायला मदत करा. पुरुष माणसं, विशेषतः त्यांच्या पिढीतली, समोरासमोर बसून बोलत नाहीत. शेजारी उभं राहून, हात कामात असताना बोलतात.

आकडे सांगू नका. त्यांनी विचारले तर सांगा, आणि तेव्हाही एकच. उदाहरणार्थ, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचं पुण्याच्याच शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं. फयान, क्यार, निसर्ग, तौक्ते ही नावं त्यांना पाठ असतील, आकडा त्या नावांना चिकटेल. "तुम्ही ऐकतच नाही" हे वाक्य वर्ज्य. "विकून टाका आणि पुण्याला या" हे त्याहून वर्ज्य. ते बोलायची वेळ येईलही, पण ती ते आणतील.

शेजाऱ्यांबद्दलही विचारा. "वाडीत बाकीच्यांचं काय म्हणणं?" ते म्हणतील, बाकीच्यांना काही पडलेलं नाही. हे बहुधा चुकीचं असेल. अमेरिकेत २०२२ मध्ये दिसलं, की हवामानविषयक धोरणांना ६६ ते ८० टक्के लोकांचा पाठिंबा होता, पण लोकांना विचारलं तर त्यांना तो जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास वाटत होता. सगळे एकमेकांकडे बघून गप्प होते. तुमच्या वाडीतही असंच असू शकतं : प्रत्येक घरी एक वही, आणि प्रत्येकाला वाटतंय लिहिणारा आपण एकटेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे किंवा कृषी खात्याचे लोक गावात येतात तेव्हा बाबांना एकटं न जाता शेजारच्या दोघांना घेऊन जायला सुचवा. तांत्रिक सल्ला मिळेल तो मिळेल, परतीच्या वाटेवरचं बोलणं मला जास्त मोलाचं वाटतं.

एका गोष्टीवर मात्र नजर ठेवा. बाबा गप्प असणं वेगळं आणि विझत जाणं वेगळं. बागेत जाणं थांबलं, जेवण कमी झालं, पहाटे तीनला उठून बसतात, पिणं वाढलं, "माझ्यामागे हे असं करा" अशी निरवानिरव सुरू झाली, कर्जाचे कागद लपवायला लागले, तर वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलते. त्यांच्याकडून फोन होणार नसेल तर तुम्ही करा. आणि जीव नकोसा झाल्याचं ते बोललेच, तर "असं बोलू नका" म्हणून तोंड बंद करू नका. सरळ विचारा, मरायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या वेळी त्यांना एकटं ठेवू नका, आणि फवारणीची औषधं कुलपात जाऊ द्यात.

माझ्या वडिलांनी २०२१ च्या पावसात पुन्हा पोफळी लावल्या, जुन्या खड्ड्यांच्या शेजारी. हवामान बदल हा शब्द त्यांनी आजतागायत उच्चारलेला नाही. मागच्या गणपतीत पोफळी बघत उभे असताना म्हणाले, "हल्ली उनाचा चटका सोसत नाही गो यांना, मध्ये केळी घालायला हव्या होत्या." मी म्हटलं, घालू या. त्या दिवशी आम्ही केळीचे अकरा मुनवे लावले, आणि ते लावता लावता त्यांनी वादळाच्या दुपारची हकीकत पहिल्यांदा सांगितली, पहिल्या पोफळीपासून.

राहिला मुहूर्त. मोहोराच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हा विषय काढू नका, तेव्हा प्रत्येक ढगाकडे बघून जीव टांगणीला असतो. एप्रिल-मेमध्ये तर पेट्या, गाड्या, गडी यांतून त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही सुट्टी काढून जात असणार. मृग लागल्यावर जा. हिशोब झालेला असतो, बाग शांत असते, पावसामुळे उठून अंगणात जाता येत नाही.